चिंचेखालची परवानगी

आमच्या हालगेरेला यायचं तर आधी चिंच लागायची, मग पाटी, आणि मग माझा भाऊ. चिंच आमच्या पणज्याने लावलेली, पाटी शेतकऱ्यांच्या रयत संघाने ठोकलेली, आणि भाऊ माझ्या पाठचा, चौडप्पा. तिघांमध्ये जास्त हट्टी कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाटीवर हिरव्या रंगात लिहिलं होतं, 'सरकारी माणसाने संघाच्या परवानगीशिवाय गावात पाऊल टाकू नये.' त्या काळात मंड्याच्या बाजूला गावोगाव अशा पाट्या लागल्या होत्या. बाकीच्या गावांनी पाटी ठोकली आणि लोक आपापल्या कामाला लागले. आमच्या पाटीला मात्र चौडप्पा मिळाला. त्याचा उसाचा मळा चिंचेला लागूनच. पाणी धरताना याचा एक डोळा सऱ्यांवर आणि दुसरा रस्त्यावर. बूट आणि बगलेतली फाइल दिसली, की हा फावडं टाकून, पाय धुऊन, संघाची हिरवी शाल खांद्यावर घेऊन रस्त्यात उभा. चिंचेच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला होता. त्याच्यावर दोन ठोके पडले की गाव गोळा व्हायचं.

"नाव काय साहेब? काम काय? किती वेळ लागेल?" एवढंच तो विचारायचा, आणि तेही अगदी अदबीने. मग म्हणायचा, "बसा."

साहेब इकडेतिकडे बघायचा. चिंचेखाली बसायला जमीन सोडून काही नसायचं.

"खुर्ची नाही का हो एखादी?"

"नाही साहेब. एक ठेवली तर तुम्ही बसणार आणि आम्ही उभे राहणार. म्हणून ठेवलीच नाही."

मग साहेब आपली पँट सांभाळत खाली टेकायचा, चौडप्पा त्याच्यासमोर मांडी घालायचा, आणि त्याच्या मुलीने, आमच्या नागरत्नाने आणलेलं कोथिंबीर-मिठाचं ताक दोघं प्यायचे. बऱ्याच जणांचं काम तिथेच होऊन जायचं. आत यायची गरजच उरायची नाही.

हे वेड त्याच्या डोक्यात कुठून आलं ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथेच होते. आम्ही लहान असताना एकदा अंमलदार आला होता. याच चिंचेखाली त्याची खुर्ची. आमच्या बापाने खांद्यावरचा टॉवेल काढला, कमरेला गुंडाळला आणि हात जोडून उन्हात उभा राहिला. सगळे बाप तसेच उभे होते, तेव्हाची रीतच ती. चौडप्पा त्याच्या धोतराला धरून होता. त्याने मोठ्याने विचारलं, "अप्पा, टॉवेल का काढला? गरम होतंय?" बाप म्हणाला, "गप." घरी आल्यावर चौडप्पाने मार खाल्ला, पण उत्तर काही त्याला मिळालं नाही. पुढे जन्मभर तो ते उत्तर शोधत राहिला असं मला वाटतं. मंदिरात जातानासुद्धा त्याने खांद्यावरची शाल कधी उतरवली नाही. पुजारी कुरकुरला तर म्हणायचा, "देवाने कुठं सांगितलंय? सांगू दे मला."

संघ आमच्याकडे सायकलवरून आला. मद्दूरकडचा एक बोलघेवडा माणूस आला, चावडीच्या कट्ट्यावर बसला आणि बोलत सुटला. ऊस आपण लावायचा आणि त्याचा भाव दुसऱ्याने का ठरवायचा? निवडणुकीवाल्यांना आपल्या कट्ट्यावर भाषण करू का द्यायचं? गावात दारूचं दुकान का? लग्नात हुंडा का? ज्याला जे पटलं ते त्याने उचललं. पुरुषांनी उसाचा भाव उचलला. आम्ही बायकांनी दारूचं दुकान उचललं. माझं सासरही गावातच, नवरा तेव्हा हयात होता आणि त्या दुकानाचं लाडकं गिऱ्हाईक होता, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. चौडप्पाला मी विचारलं, "तुला काय पाहिजे रे यातलं?"

"मला भाव मिळाला तर पाहिजेच अक्का," तो म्हणाला. "पण तो मागताना मला बसून मागायचाय."

त्याला हिरवी शाल मिळाली आणि टॉवेल सुटला.

आमच्या संघाची भांडायची तऱ्हाही वेगळी. दगड उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही. हसायचं. एकदा तालुक्याच्या साहेबाने म्हणे सांगितलं, की ऊसवाले आता मनगटाला घड्याळ बांधतात, त्यांना भाव वाढवून कशाला पाहिजे. झालं, आम्ही सगळे लॉरीत बसून कचेरीच्या अंगणात गेलो आणि हसत बसलो. ठरवून हसणं दिसतं तेवढं सोपं नाही. सुरुवातीला सगळेच लाजतात. मग एखादी म्हातारी खरीखुरी हसायला लागते आणि सगळ्यांना घेऊन जाते. ती म्हातारी म्हणजे मी. माझ्या हसण्याने सासरी माझी फार बदनामी झाली होती, संघात मात्र त्याची किंमत झाली. साहेब बाहेर येऊन विचारायला लागला, "अरे, काय झालंय काय?" त्यावर आम्ही आणखी हसलो. पोलिसांनी आम्हाला गाडीत घातलं, तेव्हा त्यांचीही पोटं हलत होती. कोठडीत आम्हीच नाचणीचे गोळे वळले, सार केलं आणि शिपायांनाही वाढलं.

चौडप्पाला मात्र हसता यायचं नाही. आम्ही सगळे गडबडा लोळत असताना हा आपला शाल सावरून, ताठ, मयताला बसल्यासारखा बसलेला. मी त्याला म्हणायचे, "निदान दात तरी दाखव रे." तो म्हणायचा, "हसू येत नाही तर काय करू? मी हसणारे मोजायला बसलोय असं समज."

अशा माणसाच्या घरात सरकारी जावई यायची वेळ आली. माझ्या पोटी मुलगा असता तर आमच्या रीतीप्रमाणे नागरत्नावर पहिला हक्क त्याचा आणि मग ही भानगड झालीच नसती. पण मला मुलगा नाही.

पोराचं नाव सोमशेखर. तालुक्याच्या कचेरीत कामाला. पीकपाहणीसाठी पहिल्यांदा आला तो सायकलवरून, पाटीशी उतरला, पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली आणि सायकल तिथेच लावून खाली बसला. कुणी बस म्हणायच्या आधी. चौडप्पा पाय धुऊन येईपर्यंत नागरत्नाने ताक नेलं. त्या पाहणीला पुढे त्याला फार खेपा घालाव्या लागल्या. आमचं पीक एवढं पाहण्यासारखं नव्हतं, आणि मी काही आंधळी नव्हते. नागूला मी विचारलं, तर ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "अत्ते, तो पेला विसळून परत देतो." बस, मला कळायचं ते कळलं.

अडचण होती ती पोराच्या बापाची. नंजुंडय्या जन्मभर शिरस्तेदार होता आणि निवृत्त झाल्यावरही घरात शिरस्तेदारच राहिला होता. त्याने नाही-होय करत संमती दिली. लग्ननिश्चयाच्या दिवशी येतो म्हणाला. हुंडा नाही, बँड नाही, हे त्याने कसंबसं गिळलं.

त्या सकाळी नागूने वेणी घालता घालता मला सांगितलं, "अत्ते, मला तो आवडतो. पण तिथे अप्पांना मान खाली घालावी लागली, तर मला ते घर नको. तू हे ध्यानात ठेव."

"तुझा बाप मान खाली घालणारा दिसतो का तुला?"

"माझ्यासाठी घालेल. म्हणून तर सांगते."

ही पोर बापाला माझ्यापेक्षा चांगली ओळखून होती.

पाहुणे येणार म्हणून गावाने काय थाट केला होता. चिंचेला आंब्याची तोरणं, दोन्ही बाजूंना केळीचे खांब. पाटीसुद्धा झेंडूच्या माळांत बुडून गेली होती. घरोघरी होळिगे लाटणं चाललं होतं, सगळ्या गल्लीला पुरणाचा वास. चौडप्पाला आम्ही सकाळीच धुतलेलं धोतर नेसवून, नवी शाल देऊन चिंचेखाली उभं केलं. त्याची बायको केंपम्मा म्हणाली, "आज जरा हसऱ्या तोंडाने उभे राहा. तुम्ही मुलीचे बाप आहात, चौकीदार नाही." तो हो म्हणाला. आणि खरंच तोंड हसरं करायचा प्रयत्न करत उभा राहिला.

पाहुणे बसने येणार होते. पण बस काही आली नाही, आणि सोमशेखरच्या साहेबाने मोठ्या मायेने आपली जीप दिली. सरकारी जीप. तिच्या पाट्यांवरची अक्षरं लांबून दिसली, धूळ दिसली, आणि आमच्या चौडप्पाच्या हातापायांना जी सवय जडली होती तिने तिचं काम केलं. डोक्याला विचारलंच नाही. तो झाला रस्त्यात उभा, हात वर केला, जीप थांबली, आणि याने रुळावर दोन सणसणीत ठोके घातले.

मग काय विचारता. ठोके ऐकल्यावर थांबायचं नाही, हे गावाला पाठ. बायका पिठाच्या हातांनी धावल्या, पुरुष पंगतीची पानं टाकून धावले, कुणाच्या हातात झारा, कुणाच्या हातात लाटणं. बघता बघता जीपला वेढा पडला. सगळे खाली बसले आणि हसायला लागले. निश्चयाचा दिवस आणि त्यातही सरकार आलं म्हटल्यावर लोकांना चेवच चढला होता. मी वयाने मागे पडले होते. हसतच पोचले, पुढे घुसले, जीपच्या खिडकीतून आत डोकावले, आणि नंजुंडय्याच्या मांडीवर मला तबक दिसलं. नारळ, विड्याची पानं, वर मोरपंखी रेशमी साडी. पलीकडे सोमशेखर दोन्ही हातांत तोंड लपवून बसला होता.

"अरे गप्प बसा," मी ओरडले. "व्याही आहेत." पण गाव एकदा हसायला लागलं की लवकर थांबत नाही. मागच्यांना वाटलं, अक्का नवीन काही विनोद करतेय.

शेवटी तबक एकेकाच्या नजरेला पडलं आणि हसणं थांबलं. कुणीतरी झारा पाठीमागे लपवला. नंजुंडय्या जीपमधून उतरायला तयार नव्हता. पांढराशुभ्र शर्ट, त्यावर जरीकाठी उपरणं, चेहरा लाल. तो ड्रायव्हरला म्हणाला, "गाडी वळव."

"अप्पाजी, थांबा ना," सोमशेखर म्हणाला.

"काय थांबू? तुझ्या सासुरवाडीने वेढा घातलाय मला. झारे घेऊन."

चौडप्पा पुढे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "गाडी बघितली आणि हात गेला. तुम्हाला ओळखलं नाही. उतरा, व्याहीबुवा. घर तुमचं आहे."

नंजुंडय्याने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाला, "मुलीचा बाप असं बोलावतो का? आमच्यात मुलीचा बाप खांद्यावरचं कमरेला बांधतो, हात जोडतो आणि मग या म्हणतो. तसं बोलवा. मी उतरतो, झालेलं विसरतो. नाहीतर हे आम्ही निघालो."

मला त्या माणसाचा असा राग आला, की जवळ लाटणं असतं तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. चौडप्पाने मान वळवून नागूकडे बघितलं. ती ताकाची लोटी घेऊन चिंचेच्या बुंध्याशी उभी होती. तिने नाही म्हणून मान हलवली. त्याने ते पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं. शाल उतरवली तर मुलगी त्या घरात जाणार नव्हती. नाही उतरवली तर जीप जाणार होती. सगळं गाव तिथे बसलं होतं, आणि कुणाला त्याच्यासाठी काहीही करता येत नव्हतं.

त्याने खांद्यावर हात नेला आणि शाल उतरवली.

मला बघवेना म्हणून मी तोंड फिरवलं. मग राहवेना, म्हणून परत बघितलं. त्याने शाल कमरेला बांधली नव्हती. ती दोन्ही हातांनी झटकली, चिंचेखाली पसरली, सुरकुत्या काढल्या, आणि स्वतः तिच्या एका टोकाला बसला. दुसरं टोक त्याने हाताने थोपटलं.

"बसा," तो म्हणाला.

"मी जमिनीवर बसत नाही," नंजुंडय्या म्हणाला.

"जमिनीवर कुठं बसवतोय? शालीवर बसा. माझ्याकडे याहून उंच काही नाही."

नागू पुढे गेली, जीपच्या दारापाशी लोटी धरून म्हणाली, "मामा, ऊन आहे. गुडघ्यांना जड जात असेल तर अप्पा हात देतील." लोटी तिने धरूनच ठेवली.

आधी एक बूट खाली आला. मग दुसरा. मग त्याने दोन्ही बूट काढले, हे मी विसरणार नाही, आणि काढूनच शालीवर पाय ठेवला. बसताना "अय्यप्पा" असं कण्हला. चौडप्पाने त्याच्या कोपराला धरलं होतं. दोघं शेजारीशेजारी बसले. एकाच लोटीतून ताक प्यायले.

सोमशेखर जीपपाशीच उभा होता. म्हणाला, "मी येऊ का?"

चौडप्पाने वर बघितलं. सवय ती सवय. "नाव काय?"

"सोमशेखर."

"काम काय?"

"मुलगी मागायला आलोय."

"किती वेळ लागेल?"

पोराने नागूकडे बघितलं. "बराच," तो म्हणाला.

गाव पुन्हा हसलं, पण आता कुणी ठरवलं नव्हतं. सगळ्यांत गंमत पुढे झाली. घरी चला म्हटल्यावर नंजुंडय्याला उठताच येईना. गुडघे धरले होते. एका बाजूने सोमशेखर, दुसऱ्या बाजूने चौडप्पा. दोनदा उठवला आणि दोनदा तो परत शालीवर बसला. दुसऱ्या वेळी चौडप्पालाही घेऊनच बसला. तेव्हा आमचा चौडप्पा हसला. आधी नाकातून, मग तोंडातून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एवढी वर्षं साठवून ठेवलं होतं की काय कोण जाणे. केंपम्मा घाबरून माझ्याकडे बघायला लागली, कारण तिने आपला नवरा असा कधी पाहिलाच नव्हता.

लग्न त्याच चिंचेखाली झालं. नवरा-नवरीने हारांऐवजी हिरव्या शाली घातल्या. नंजुंडय्या त्यानंतर दर गळिताला गूळ खायला यायचा. आमच्या गुऱ्हाळाचा पाक त्याला आवडायचा असं तो सांगे. खरं म्हणजे तो चौडप्पाशी भांडायला यायचा. कायदा, सरकार, उसाचा भाव, सगळ्यावर दोघांचं वाजायचं आणि दोघंही खाली बसून भांडायचे. येताना तो चिंचेपाशी थांबून काठीने रुळावर दोन ठोके घालायचा. आम्ही म्हणायचो, तुम्हाला कसली परवानगी? तो म्हणायचा, "नियम म्हणजे नियम." चौडप्पाला उसाचा हवा तो भाव काही मिळाला नाही. बसून मागायला मात्र मिळालं, आणि तो त्यातही खूश असायचा.

चौडप्पा गेला तो पिकल्या वयात, मळ्यातच, बांधावर टेकलेला. पाटीचा रंग तोवर उडाला होता. साहेब लोक मोटारीत बसून सरळ आत यायला लागले होते. त्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती, रडणं चाललं होतं, आणि अचानक रुळाचे दोन ठोके ऐकू आले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी उठून बाहेर गेले.

चिंचेखाली नंजुंडय्या खाली बसला होता. म्हातारा फार थकला होता, सोमशेखर त्याच्या मागे उभा होता. त्याने खांद्यावरचं जरीकाठी उपरणं काढून कमरेला गुंडाळलं होतं आणि हात जोडले होते.

"परवानगी आहे का, होन्नक्का?" त्याने मला विचारलं.

मी खाली वाकले, त्याच्या कमरेचं उपरणं सोडलं, झटकलं आणि परत त्याच्या खांद्यावर टाकलं.

"हे आमच्या गावात चालत नाही, व्याहीबुवा," मी म्हटलं. "चौडप्पा रागावेल."